काकूंच्या कार्डावरची सुकन्या

"माझ्या मरणाच्या दिवशी तू बेकार असायला हवीस, एवढं लक्षात ठेव," असं प्रमोदिनीकाकू आपल्या एकुलत्या एका मुलीला म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्याच डायनिंग टेबलाशी मटार सोलत बसले होते. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. सुकन्यानं मात्र मान वर केली नाही. त्या आठवड्यात हे वाक्य तिनं बहुतेक चौथ्यांदा ऐकलं असावं.

"काकू, असं काय बोलता हो!" मी म्हटलं.

"मग कसं बोलू, उत्तरा? गोड करून सांगितलं तर नियम बदलणार आहे का?"

द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत आमची दारं समोरासमोर आहेत. मधे चार पावलांचा पॅसेज. अठरा वर्षांत या घरातलं बरंच काही मी पाहिलंय, आणि न विचारता कळलेलंही बरंच आहे. काकूंचे यजमान शांतारामकाका एकविसाव्या वर्षी साताऱ्याकडून दिल्लीत क्लार्क म्हणून आले आणि इथल्याच एका मंत्रालयातून निवृत्त झाले. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या मागे काकूंना फॅमिली पेन्शन मिळते आणि केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं, म्हणजे सीजीएचएसचं, कार्ड चालू आहे. त्या कार्डावर अविवाहित आणि न कमावणारी मुलगी म्हणून सुकन्याचं नाव आहे.

सुकन्या आता चाळीस वर्षांची आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी, चांगली नोकरी करत असताना, तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. नोकरी सुटली. कमाई थांबली तसं तिचं नाव पुन्हा वडिलांच्या कार्डावर चढलं. मग डायलिसिस, मग काकूंनी दिलेली एक किडनी, ऑपरेशन, आणि तेव्हापासून आजपर्यंत रोज सकाळी नऊ आणि रात्री नऊला घ्यायच्या गोळ्या. त्या गोळ्या चुकल्या तर शरीर आईची किडनी परकी म्हणून नाकारू शकतं, आणि त्यांनीच प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून गर्दीत मास्क. महिन्याची ती औषधं बाजारातून घ्यायची म्हटली तर छातीत धस्स होतं. या घरानं त्यांचं बिल कधी पाहिलंच नाही. सही करायचे कागद तेवढे पाहिले.

मला याची किंमत माहीत आहे, कारण माझ्या मावसभावाला, शार्दूलला, हाच आजार झाला होता. त्याला कुठलं कार्ड नव्हतं. तिसऱ्या वर्षी तो कुणाला न सांगता औषधं एक दिवसाआड घ्यायला लागला. पुढचं लिहीत नाही. त्यामुळे आमच्या लिफ्टमध्ये कुणी "तुम्हा सरकारी लोकांचं बरं आहे हो, सगळं फुकट" असं म्हणालं की मी वाद घालत नाही. बरं आहेच. ही मुलगी जिवंत आहे, यापेक्षा बरं काय असणार?

पण त्या बरेपणाची एक रीत होती, आणि ती मी दर महिन्याला पाहत होते. डिस्पेन्सरीला जायच्या दिवशी काकू सुकन्याचे कपडे स्वतः काढून ठेवायच्या. विटका सलवार-कमीज, साध्या चपला. कानातले नाहीत, लिपस्टिक तर नाहीच. "डिपेंडंट दिसायला हवं," काकू म्हणायच्या. खरं तर कपड्यांवरून कुणी काही ठरवत नाही. काउंटरवरचा माणूस मान वर करून बघतसुद्धा नाही. पण काकूंना कोण सांगणार? खिडकीशी त्या पुढे आणि सुकन्या मागे. आत विचारलं, "बेटी क्या करती है?" की उत्तर काकूच द्यायच्या, "कुछ नहीं करती जी. कर ही नहीं सकती."

बारा वर्षं महिन्यातून एकदा आपल्याच आईच्या तोंडून हे ऐकायचं. मी एकदा सुकन्याला विचारलं होतं, तुला वाईट नाही वाटत? ती म्हणाली, "वहिनी, पहिली दोन वर्षं वाटायचं. मग ते खरंच आहे असं वाटायला लागलं."

आणि ही "कर ही नहीं सकती" मुलगी आमच्या महाराष्ट्र मंडळाचा अर्धा कारभार सांभाळते, बरं का. दरवर्षी चौदा जानेवारीला आमच्या बसेस पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जातात. कोण कुठून चढणार, कुणाचे गुडघे दुखतात म्हणून पुढची सीट, कुणाचा उपास, कुणाच्या मुलाला बस लागते, सगळं तिच्या वहीत. यंदा धुकं इतकं पडलं की तीनपैकी एक बस आलीच नाही. सुकन्यानं मास्क लावून, पहिल्या सीटवर बसून, पाऊण तासात दोन बसमध्ये मावतील तेवढ्यांना बसवलं आणि उरलेल्यांच्या दोन टॅक्स्या केल्या. एकही माणूस रस्त्यात राहिला नाही. तिच्या शेजारी जयदीप नावाचा एक इंजिनियर बसला होता. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात असतो.

"ताई, तुम्ही करता काय?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

"हे काही नाही? मग आमच्या ऑफिसात जे चालतं त्याला काय म्हणायचं!"

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. त्यांच्याकडे एक जागा होती. प्रत्येक सुट्या भागाचं ड्रॉइंग बदलत राहतं, आणि जुनी प्रत मशीनपाशी राहिली तर सगळा माल चुकीचा बनतो. जुन्या प्रती वेळेवर गोळा करायच्या, नव्या द्यायच्या, कुणी कधी घेतली ते टिपून ठेवायचं. काम वेगळ्या खोलीत, गर्दी नाही. कंपनीची बस द्वारकेहून.

इंटरव्ह्यूहून आली ती थेट माझ्याच घरी. पर्स सोफ्यावर टाकली आणि हसायलाच लागली. "वहिनी, त्यांनी विचारलं, पिछले बारह साल क्या किया? आणि मी काय म्हणाले माहितीये? सर, मैं डिपेंडंट हूँ! जयदीप कपाळावर हात मारून बसला. बाहेर आल्यावर म्हणतो, अहो ताई, इंटरव्ह्यूत असं कोण सांगतं?"

"मग?"

"मग मी गोळ्यांचं सांगितलं. बारा वर्षं, दिवसातून दोनदा, एकही चुकली नाही, तक्ता आहे म्हटलं. इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाई एकदम सरळ बसल्या."

नोकरी मिळाली. दोन मार्चला, सोमवारी, हजर व्हायचं होतं. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी अठरा वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि त्याच संध्याकाळपासून त्या घरातली शांतता गेली.

कारण नियम. कमावती झाली की सुकन्याचं नाव कार्डावरून जाणार. कंपनीचा विमा होता, पण तो हॉस्पिटलात भरती झालं तरच. रोजच्या गोळ्या पदरच्या पैशानं. पगारात त्या बसत होत्या, आणि वर थोडं उरतही होतं. पण ही झाली आजची गोष्ट. काकूंची काळजी उद्याची होती. आईवडिलांच्या मागे अविवाहित मुलीला पेन्शन आणि कार्ड दोन्ही मिळू शकतं, जन्मभर. अट एवढीच, की ती त्यांच्या हयातीत त्यांच्यावर अवलंबून असली पाहिजे. म्हणजे काकू गेल्या त्या दिवशी सुकन्या नोकरीत असेल, तर पुढे नोकरी सुटली तरी तिच्या हाती काही नाही. पेन्शन नाही की गोळ्या नाहीत.

आमचे हे सरकारी नोकरीतच आहेत. मी त्यांना विचारलं, यातून वाट नाही का? त्यांनी चष्मा काढून पुसला.

"नियम वाईट नाहीये गं. इतकं देणारी नोकरी दुसरी कुठे आहे सांग? पण कमावत्या लोकांनी घेऊ नये म्हणून अट घालावी लागते, आणि अट घातली की सुकन्यासारखी एखादी दारात अडकते. तुझ्याकडे उपाय असेल तर सांग, मी उद्याच फाइलवर टिपण घालतो."

कार्ड गुपचूप तसंच ठेवावं, कोण बघतंय, असंही सोसायटीत एकदोघांनी सुचवलं. त्यावर मायलेकींचं एकमत झालं, तेवढंच एक. "चोरी नाही करायची," काकू म्हणाल्या. "बेकार राहायचं आणि हक्कानं घ्यायचं."

"आई, मी चाळीस वर्षांची आहे."

"म्हणूनच. मी बहात्तर वर्षांची आहे. एका किडनीवर किती ओढणार? तू घरात असलीस की मी आज गेले तरी मला चिंता नाही."

"आणि मी? मी घरात बसून काय करू? तुझी वाट बघू?"

सुकन्या हे बोलून गेली आणि तिथेच थांबली. काकू उठून गॅसकडे गेल्या. काहीच ठेवलेलं नव्हतं गॅसवर.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात काकूंना ताप आला. मंगळवारी खोकला, बुधवारी दम, आणि संध्याकाळी आम्ही त्यांना योजनेच्या पॅनेलवरच्या हॉस्पिटलात नेलं. न्यूमोनिया. कार्ड दाखवलं, आणि कुणी पैशाचा शब्द काढला नाही. शेजारच्या खिडकीशी एक माणूस आपल्या बापाच्या ॲडमिशनसाठी गावाकडे फोनवर फोन लावत उभा होता. आमच्या काकू तोवर आयसीयूत पोचल्यादेखील होत्या. मी मनातल्या मनात सरकारला हात जोडले. खोटं नाही सांगत.

सुकन्याला इन्फेक्शनची धास्ती, म्हणून आत तिला पाचच मिनिटं सोडायचे. बाकीचा वेळ ती बाहेरच्या लोखंडी बाकावर मास्क लावून बसायची आणि काचेतून मॉनिटर दिसतोय का बघायची. मी डबा घेऊन जायचे, सोबत बसायचे.

कंपनीनं आठ दिवसांची मुदत वाढवून दिली. नऊ मार्च, सोमवार. पण एच.आर.मधली मुलगी रोज फोन करायची, आणि आवाज गोड ठेवून एकच गोष्ट विचारायची, "मॅम, आप बस एक पक्की डेट बता दीजिए." पक्की तारीख! सुकन्या फोन कानाला लावून माझ्याकडे बघायची.

साताऱ्याहून तिच्या शहाजीमामांचा फोन आला. त्यांनी फोनवरच बहिणीसाठी डोळे पुसले असतील, माणूस प्रेमळ आहे. पण शेवटी म्हणाले, "सुकन्या, नोकरी कुठं पळून चालली नाही. आधी इकडं जे काय व्हायचं ते होऊ दे. चार दिवस आधी का नंतर, तू समजून घे."

तिनं फोन ठेवला. मग म्हणाली, "वहिनी, मामा बरोबर बोलतोय. हिशेबात काहीच चूक नाही. तेच भयंकर आहे ना?"

मी डब्याचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं.

"ऑक्सिजनचा आकडा खाली गेला की आधी मला भीती वाटते. आणि त्या भीतीच्या मागोमाग तारीख आठवते. मी अजून जॉइन झालेली नाहीये, हे आठवतं. आणि वहिनी, तेव्हा क्षणभर... बरं वाटतं."

एवढं बोलून तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ते अंग काकूंच्याच किडनीवर चालत होतं.

शनिवारी काकूंना थोडं बरं वाटलं, रविवारी सकाळी पुन्हा ताप चढला. डॉक्टर म्हणाले, एकच किडनी आहे, तिच्यावर ताण येतोय, अठ्ठेचाळीस तास तरी काही सांगता येत नाही. सुकन्यानं मान डोलावली आणि मला म्हणाली, "उद्या मी मानेसरला जाते."

आणि मी तिला थांब म्हटलं. हे मी लपवणार नाही. मीसुद्धा म्हटलं, "अगं, दोन दिवस तर आहेत. दोन दिवसांनी काय ते कळेल." बोलले आणि मला माझाच आवाज शहाजीमामांसारखा वाटला.

"दोन दिवसांनी आणखी दोन सांगतील," ती म्हणाली. "मी तिच्या उशाशी बसून कशाची वाट बघतेय, ते तिला कदाचित कळणार नाही. मला कळतंय ना."

"आणि उद्या-परवा काही बरंवाईट झालं तर? आयुष्यभराचं जाईल सुकन्या."

"हो."

एवढंच म्हणाली, "हो." मग पर्समधून एक कागद काढून मला दाखवला. कार्डावरून नाव कमी करण्याचा अर्ज. अक्षर सुरेख, वडिलांसारखं. खाली सही झाली होती. "सकाळी बसमध्ये बसले की दादांना सांगा डिस्पेन्सरीत टाकायला. त्यांच्या ऑफिसच्या वाटेवर आहे." दादा म्हणजे आमचे हे.

सोमवारी सात वीसला मी बाल्कनीतून पाहिलं. गेटपाशी ती उभी होती, कडक इस्त्रीचा निळा कुर्ता, मास्क, हातात डबा. बस आली आणि गेली. यांनी कागद खिशात घातला आणि माझ्याकडे पाहिलं. "टाकू ना?" असं विचारावंसं त्यांना वाटत होतं, ते मला दिसलं. त्यांनी विचारलं नाही.

अकरा वाजता मी हॉस्पिटलात पोचले, तोवर दोनदा फोन वाजला. एकदा गॅसवाल्याचा, एकदा बँकेचा. आयसीयूच्या दारात सिस्टर म्हणाली, ताप उतरलाय, माताजी जागी आहेत. आत गेले तर काकूंच्या नाकात नळ्या होत्या, पण डोळे उघडे आणि अगदी नेहमीसारखे तपासणारे.

"सुकन्या?" आवाज घोगरा, जेमतेम.

मला खोटं बोलता आलं असतं. खाली गेलीये, औषध आणायला गेलीये. दहा वेळा घोकूनही आले होते.

"कामावर गेली, काकू. आज पहिला दिवस."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, हे आपण काय केलं. मॉनिटरकडे बघायचंही धाडस होईना.

"आज वार कुठला?"

"सोमवार."

"आणि आज मी गेले असते तर?"

"तर ती मानेसरला असती," मी म्हटलं.

"मूर्ख कार्टी," काकू म्हणाल्या. मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं, ते उशीत गेलं. "माझं म्हातारीचं मरण तेवढं एक उपयोगाचं होतं. तेही वाया घालवलंन्."

त्यानंतर दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दुपारी फिजिओथेरपीवाली मुलगी येऊन फुफ्फुसांच्या व्यायामाचं ते प्लास्टिकचं यंत्र देऊन गेली. तीन नळकांड्यांत तीन रंगीत चेंडू, नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की चेंडू वर जातात. काकूंनी ते कडेला सरकवून ठेवलं. "नको," एवढंच. डॉक्टर येऊन रागावून गेले, माताजी, नहीं करेंगी तो फिर छाती में कफ भरेगा. काकूंनी भिंतीकडे तोंड केलं.

सुकन्या पावणेसातला आली. भेटीची वेळ सातपर्यंत. धावत आली होती. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच होतं, ते काढायचं तिला सुचलं नसावं. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. जवळ यायचं की नाही, ते तिला ठरवता येईना.

"आई."

काकूंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. कुर्ता पाहिला, ओळखपत्र पाहिलं.

"गोळी घेतलीस का नऊची?"

"घेतली. तिथेच, टेबलावर."

"पक्की कधी करणार तुला?"

"प्रोबेशन सहा महिन्यांचं आहे."

"म्हणजे सप्टेंबर." काकू छताकडे बघत राहिल्या. पूर्वीही असंच झालं होतं, नोकरी सुटली होती आणि नाव कार्डावर परत आलं होतं. बाप जिवंत होता म्हणून. त्या काय जुळवत होत्या, ते मला कळायला थोडा वेळ लागला. सुकन्याला आधी कळलं, कारण तिनं पलंगाचा दांडा घट्ट धरला.

"आणि सहा महिन्यांत त्यांनी तुला काढलं, किंवा तुला झेपलं नाही, तर नाव परत चढवायला मी असायला हवी," काकू म्हणाल्या. "आत्तापर्यंत कशी, केव्हाही सुटायला मोकळी होते. आता नाही. करून ठेवलंस ना माझं!"

"आई, तू आधी बरी हो."

"बरी हो म्हणे. दे ते चेंडूंचं."

सुकन्यानं यंत्र पुढे केलं. काकूंनी नळी ओठांत धरली, खांदे वर झाले, आणि त्यांनी श्वास ओढला. पहिला चेंडू वर गेला. दुसरा थरथरला आणि खाली बसला. खोकल्याची उबळ आली, चेहरा लाल झाला. सिस्टर दारातून म्हणाली, "बस माताजी, टाइम हो गया. बाकी कल."

काकूंनी हातानंच तिला गप्प केलं आणि नळी पुन्हा तोंडात धरली.